सूर्यास्तानंतरची गोळी

माझी किडनी अक्कांच्या शरीरात सहा वर्षं चार महिने टिकेल असं पडद्यावर उमटलं, तेव्हा अक्का म्हणाल्या, "माझी पत्रिका लग्नाच्या वेळीसुद्धा कुणाशी जमत नव्हती."

डॉक्टर मुजावर हसल्या नाहीत. त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला आणि खालची लाल ओळ वाचून दाखवली. अपेक्षित काळ दहा वर्षांपेक्षा कमी, थेट दानास परवानगी नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, पद्मावती मगदूम, वय एकसष्ट. मी चेलना, धाकटी. सांगलीजवळच्या गावात आमचा हळद पॉलिश करायचा कारखाना आहे आणि तेहेतीस वर्षं आम्ही दोघी एकाच स्वयंपाकघरात आहोत. रक्तदाबाने अक्कांच्या दोन्ही किडन्या गेल्या. दोन वर्षं आठवड्यातून तीनदा मिरजेला डायलिसिस चालू होतं. त्यांचा मुलगा सन्मती, त्याचा रक्तगट जुळत नाही. भावजींना मधुमेह. माझा रक्तगट ओ, कुणालाही चालणारा. घरात मी म्हटलं, माझी द्या. आमच्या यांनी फक्त विचारलं, भीती नाही वाटत? मी म्हटलं वाटते. तेवढ्यावर तो विषय संपला होता.

आता तो दीर्घायूपाशी अडला.

दीर्घायू ही सरकारने दोन वर्षांपूर्वी सुरू केलेली प्रणाली. त्याआधी किडनी बदलताना रक्तगट बघायचे आणि पेशींवरच्या मोजक्या खुणा जुळतात का ते बघायचे. तेवढ्यावर पहिलं वर्ष छान जायचं, शंभरातल्या पंचाण्णव जणांचं. पुढे मात्र कुणाची किडनी पंचवीस वर्षं चालायची, कुणाची पाचव्या वर्षी बसायची, आणि का ते कुणाला नीट सांगता यायचं नाही. मग दात्याची आणि रुग्णाची, दोघांचीही सगळी जनुकं वाचता यायला लागली. डॉक्टर मुजावरांनी मला ते असं समजावलं. समजा माझ्या पेशीवर एक प्रथिन आहे आणि ते बनवायची कृतीच अक्कांच्या शरीरात जन्मापासून नाही. अक्कांच्या शरीराने ते कधी बघितलेलंच नाही. ते प्रथिन शरीराला परकं वाटणार आणि शरीर त्याच्याशी भांडणार. मोठं भांडण नाही, वर्षानुवर्षं कुरबुर. अशा शेकडो जागा असतात. माझ्या आणि अक्कांच्या बाबतीत त्यातल्या बऱ्याच आडव्या आल्या होत्या.

दुसरं कारण अक्कांचं स्वतःचं होतं. ही कुरबुर दाबून ठेवायला जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात, सकाळी एक, संध्याकाळी एक, बरोब्बर बारा तासांनी. काही लोकांची जनुकं ते औषध भराभर मोडून टाकतात. डोस वाढवला तरी शेवटच्या दोन-तीन तासांत औषध रक्तात उरतच नाही. अक्का त्यातल्या. म्हणजे गोळीला उशीर झाला की शरीर मोकळं सुटलं.

"त्यामुळे अक्कांचा अंक कुणाबरोबरच दहाच्या वर जात नाही," डॉक्टर म्हणाल्या. "राज्यातल्या सगळ्या दात्यांशी लावून बघितलाय. सगळ्यात जास्त सात वर्षं एक महिना."

मग त्यांनी सांगितलं की माझी किडनी मात्र फार चांगली आहे. मी ती सामायिक यादीत दिली तर एका अनोळखी माणसाला बावीस वर्षं पुरेल. सरकारचं म्हणणं, निरोगी मूत्रपिंड ही सगळ्या समाजाची ठेव आहे, ती जिथे जास्त टिकेल तिथेच गेली पाहिजे.

"म्हणजे मी सासूसारखी," अक्का म्हणाल्या. "कुणाचीबी लेक दिली तरी नांदणार नाही माझ्याकडं."

मी हळू बोलते. लहानपणापासून असंच आहे. माझं ऐकायला माणसाला जवळ यावं लागतं. मी डॉक्टरांना विचारलं, या सहा वर्षं चार महिन्यांत गोळ्या चुकणं धरलंय का?

त्या म्हणाल्या, हो, धरावंच लागतं. माणूस विसरतो, लग्नाला जातो, कंटाळतो. शंभरातले तीस-पस्तीस जण पाचव्या वर्षापर्यंत ढिले पडतात.

"मग यात चुकणं कुणाचं धरलंय?"

"सगळ्या रुग्णांचं. सरासरी."

"अक्कांचं नाही?"

डॉक्टरांनी खुर्ची ओढून पडद्यावर काहीतरी शोधलं. एक कलम होतं. रुग्णाने नव्वद दिवस दंडावर नोंदणीचा बिल्ला लावायचा, औषधाऐवजी निरुपद्रवी खुणेची गोळी दिवसातून दोनदा घ्यायची. बिल्ला घामातून ती खूण ओळखतो आणि वेळ टिपतो. नव्वद दिवसांनी सरासरी काढून टाकून त्या माणसाचं स्वतःचं सातत्य हिशोबात धरतात. आजवर मिरजेत कुणी मागितलं नव्हतं. आजारी माणसाकडे नव्वद दिवस असतात कुठे?

आम्ही मागितलं. डॉक्टरांनी तुलनेसाठी एक बिल्ला मलाही लावला.

खरं सांगते, मी निर्धास्त होते. आमच्या जैन घरात नियम हा शब्द देवघरातून स्वयंपाकघरात आणि तिथून अंगणात येतो. मी रोज दोन वेळा सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसते. अष्टमी-चतुर्दशीला एकदाच जेवते. वाराप्रमाणे एकेक रस सोडते, एका दिवशी मीठ, एका दिवशी तूप. अक्का तर माझ्या पुढे. डॉक्टरांनी त्यांना सातही दिवस मीठ बंद केलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, त्याग सात दिवसांचा आणि पुण्य एकाच दिवसाचं, हा कुठला न्याय? आणि सगळ्यात पक्का नियम, सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही. तोही काठावरचा नाही. सूर्य उगवल्यावर दोन घटका गेल्याशिवाय तोंडात काही नाही आणि मावळायच्या आधी दोन घटका सगळं बंद. घटका म्हणजे चोवीस मिनिटं. अक्का पस्तीस वर्षं हे पाळतात, बाळंतपणातही पाळलं.

तेव्हा गोळ्या चुकतील ही शक्यताच नव्हती. कार्तिक संपता संपता सुरुवात केली. सकाळी दोन घटकांनंतर पहिली गोळी, संध्याकाळी जेवण उरकताना दुसरी. डायलिसिसच्या दिवशी डबा घेऊन जायचो आणि रुग्णालयाच्या बाकावर पाच वाजताच जेवायचो. एकशे ऐंशी गोळ्या. एकही चुकली नाही.

माघात निकाल आला. पाच वर्षं अकरा महिने.

"कमी झालं?" अक्कांनी विचारलं. "यंत्राला मोजता येतंय का?"

डॉक्टर मुजावरांनी आलेख काढला. दिवसाची रेघ बुटकी, रात्रीची उंच. मार्गशीर्षात सूर्य सातला उगवतो आणि सहाला मावळतो. दोन्हीकडच्या दोन-दोन घटका वजा केल्या तर सकाळच्या आणि संध्याकाळच्या गोळीत जेमतेम साडेनऊ तास पडत होते. आणि संध्याकाळपासून सकाळपर्यंत चौदा तास चौतीस मिनिटं. अक्कांच्या रक्तात औषध बारा तासही धड टिकणार नाही, तिथे रोज रात्री अडीच तास शरीर मोकळं.

आम्ही घड्याळ लावलंच नव्हतं. आमचं घड्याळ आकाशात होतं. आम्हाला वाटलं बारा तासांची अट खऱ्या औषधाची, खुणेच्या गोळीला दिवसातून दोनदा म्हणजे दिवसातून दोनदा.

"माझ्या घरी हेच उलटं होतं," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "रमजानमध्ये. माझे मामा. दिवसा गोळी घेणार नाही म्हणाले. मी त्यांचीच भाची, मीच डॉक्टर, आणि मला सांगता आलं नाही." मामांचं पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही.

आणखी एकदा नोंद करता येते, त्या म्हणाल्या. शेवटची. सकाळी आठ, रात्री आठ.

परतताना गाडीत अक्का खिडकीकडे तोंड करून बसल्या. घरी आल्यावर त्यांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि सरळ सांगितलं की हे जमायचं नाही. डायलिसिस चाललंय तोवर चालेल. पस्तीस वर्षं सांभाळलेलं एका यंत्राच्या पायी घालवायचं नाही.

तेहेतीस वर्षांत मी अक्कांना उलट उत्तर दिलं नव्हतं. भाजीत मीठ कमी म्हणाल्या, मी वाढवलं. जास्त म्हणाल्या, मी कमी केलं. त्या दिवशी मी त्यांच्या पलंगावर बसले. त्यांच्या पलंगावर न विचारता मी पहिल्यांदाच बसत होते.

"अक्का, तुमच्या शरीराचा नियम तुमचा. त्यात मी पडत नाही. पण ती किडनी माझी आहे. तुमच्या पोटात राहायला आली म्हणून तिचा नियम तुम्ही ठरवायचा नाही. तिला रात्री आठला गोळी लागते."



"म्हणजे मी भाडेकरू ठेवणार," अक्का म्हणाल्या, "आणि कायदा भाडेकरूचा."

"होय."

"बोलायला शिकलीस की गं."

"तुमच्याकडूनच."

बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, विचारलं असतं तर औषधाला सूट मिळाली असती, हे मला ठाऊक होतं. आजाऱ्याला सूट असतेच. पण मी विचारलं नाही. सूट घेतली की नियम शाबूत राहिला असं मनाला सांगता येतं, आणि मला तसं सांगायचं नव्हतं. मोडतोय तर उघड्या डोळ्यांनी मोडावा. त्या रात्री आठ वाजता अक्कांच्या हातात गोळी होती आणि पेल्यात दोन घोट पाणी. मी माझाही पेला भरला आणि त्यांच्या आधी पाणी प्यायले. चोवीस वर्षांनी रात्रीचं पाणी. गार होतं आणि त्याला काहीच चव नव्हती.

"तू कशाला?" अक्का रागावल्या. "तुला काय झालंय?"

मी माझ्या बिल्ल्यासाठीची गोळी दाखवली. त्यांना ते पटलं नाही, मलाही नव्हतं. पण त्यांनी गोळी घेतली.

नव्वद रात्री आम्ही घड्याळ लावून बसलो. गावात कळलंच. बस्तीत एक बाई मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली की मगदुमांच्या सुनांनी म्हातारपणी रात्रीचं खायला सुरू केलं. मी तिच्या शेजारीच जाऊन बसले आणि पूजा होईपर्यंत उठले नाही. तिलाच मग जागा बदलावी लागली.

पण त्या नव्वद दिवसांत अक्का उतरल्या. हातातल्या शिरेत गुठळी झाली, मानेतून नळी घालावी लागली. चैत्रात त्यांना जिना चढवेना, त्यांची खाट खाली आणली. एके दिवशी डायलिसिसच्या मध्येच रक्तदाब इतका पडला की डॉक्टर मुजावर धावत आल्या. बाहेर आल्यावर त्यांनी मला सांगितलं, फार थांबता येणार नाही, शिरा संपत चालल्यात. वर्ष म्हणू नका, महिने म्हणा.

समितीपुढची सुनावणी वैशाखात होती. टेबलापलीकडे तिघं होते. अध्यक्ष डॉक्टर अवधूत खांबेटे, एक वकील आणि दीर्घायू सांभाळणाऱ्या एक बाई, समोर पडदा घेऊन. अक्का बाहेर चाकाच्या खुर्चीत होत्या, सन्मती त्यांच्याजवळ. डॉक्टर मुजावर माझ्यामागे उभ्या.

पडद्यावर नवा अंक आला. नऊ वर्षं दोन महिने.

खांबेटे चांगले गृहस्थ होते, हे मला लगेच कळलं. त्यांना वाईट वाटत होतं. असं सातत्य त्यांनी आजवर बघितलं नाही म्हणाले. पण दहाला दहा महिने कमी, आणि मर्यादा ही मर्यादा. मग त्यांनी मला ते सांगितलं जे सांगायचं त्यांच्यावर बंधन नव्हतं. यादीत एक बाई आहेत, वय चौतीस. त्यांच्या शरीरात माझी किडनी बावीस वर्षं चालेल.

"जवळजवळ तेरा वर्षांचा फरक आहे, चेलनाताई. ती तेरा वर्षंही कुणाची तरी आहेत."

"असतील," मी म्हटलं.

त्यांना ऐकू आलं नाही. जरा मोठ्याने बोला म्हणाले. मी आवाज वाढवला नाही. ते पुढे वाकले.

मी विचारलं, अक्कांसाठी यादीत कुणी आहे का? पडद्यासमोरच्या बाईंनी नकारार्थी मान हलवली. कधी येईल? सांगता येणार नाही म्हणाल्या. अक्कांसारखे किती जण आहेत, ज्यांचा अंक कुणाशीच जमत नाही? त्यांनी बघितलं. आपल्या विभागात दोनशे तेरा. त्यातल्या किती जणांचं सातत्य मोजलं? एकाचं, त्या म्हणाल्या. तुमच्या जाऊबाईंचं.

"म्हणजे दोनशे बारा जणांना तुम्ही दुसऱ्यांच्या विसरण्यावरून नापास केलंय," मी म्हटलं.

वकिलांनी कागद सरळ केले.

खांबेटे म्हणाले, तो मुद्दा ते वर कळवतील, लेखी कळवतील. पण आज समोर निवड आहे ती बावीस आणि नऊ यांतली.

"नाही साहेब. ती निवड तुमच्या यंत्राची. माझी वेगळी आहे. मी त्या बाईंना किडनी देणार नाही. त्या माझ्या दारात आल्या तर बसवीन, जेवू घालीन आणि नाही म्हणीन. त्याचं पाप असेल तर माझं. त्यांचं नाव सांगा, रोज सामायिकात त्यांची क्षमा मागीन. पण देणार नाही. तेव्हा तुमच्यापुढे नऊ आहे आणि शून्य आहे."

नाव सांगता येत नाही, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "ही धमकी समजायची का?"

मी उठून उभी राहिले. चपला बाहेर काढून आले होते ते बरं झालं. हात जोडले आणि तिथेच नियम घेतला, देवासमोर घेतात तसा, शब्द स्पष्ट म्हणून. माझी किडनी पद्मावती मगदूम यांच्याखेरीज कुणाला देणार नाही, जिवंतपणी नाही आणि मेल्यावरही नाही.

वकील म्हणाले, अशा गोष्टींना कायद्यात अर्थ नसतो, माणसं भावनेच्या भरात बोलतात, महिन्याभरात मन बदलतं. खांबेट्यांनी पडद्यासमोरच्या बाईंकडे बघितलं. त्यांना काय विचारायचं होतं कोण जाणे. त्या बाईंनी बोटाने दोन रेघा मोठ्या केल्या, एक अक्कांची, एक माझी. सकाळी आठ, रात्री आठ, नव्वद दिवस. दोन्ही रेघा कुंपणाच्या तारेसारख्या सरळ.

"सर," त्या म्हणाल्या, "मन बदलण्याची शक्यता काढायची झाली तर आपल्याकडे नोंद आहे. दोघींची शंभर टक्के. ही बाई नियम मोडणार नाही, हे दीर्घायूच सांगतंय."

मागे डॉक्टर मुजावर खोकल्या. ते हसू होतं की काय, मी वळून बघितलं नाही.

खांबेट्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग वकिलांना विचारून कुठलंसं कलम काढलं. समितीला विशेष परवानगी देता येते, दाता अन्य कुणालाही देण्यास ठामपणे तयार नसेल तर. त्यासाठी मी माझ्या हाताने कारण लिहून द्यायला हवं. ते कागद वर जाणार, यंत्राच्या सल्ल्याविरुद्ध दान का केलं याची नोंद राहणार. त्यांनी अर्ज पुढे सरकवला. कारणापुढे आठ ओळी रिकाम्या होत्या.

आठ ओळी भरतील असं माझ्याकडे काही नव्हतं. अक्कांनी मला कधी चांगलं म्हटलेलं नाही. माझ्या हातच्या पुरणपोळीला त्या तेहेतीस वर्षं जाड म्हणतात. उपकार म्हणावा असा एखादा मोठा प्रसंगही सांगता येणार नाही. मी लिहिलं:

"रोज पहाटे आम्ही घरचं पाणी गाळतो. फडक्याची दोन टोकं मी धरते, दोन अक्का धरतात."

खांबेट्यांनी ते वाचलं. उलटवून मागची बाजू बघितली, तिथेही काही नव्हतं.

"बाकीचं?"

"एवढंच आहे."

त्यांनी सही केली. शस्त्रक्रियेची तारीख कार्यालयातून आठवड्याभरात कळवतील म्हणाले.

मी पुन्हा खुर्चीवर बसले आणि म्हटलं, तारीख आत्ताच लिहून द्या. अक्का बाहेर आहेत, त्यांना मी तोंडी काही सांगणार नाही, कागदच दाखवणार. या वेळीही ते पुढे वाकले, पण मला वाटतं त्यांना न वाकताही ऐकू आलं होतं. पेन अजून त्यांच्या हातातच होतं. त्यांनी डॉक्टर मुजावरांकडे बघितलं, त्या म्हणाल्या बुधवार. त्यांनी बुधवार लिहिला.